राहून गेलेले तिसरे नाव

मित्रांनो, मी आष्टी तालुक्यातल्या एका लहानशा चर्चचे जुने पितळी भांडे. माझे वय विचारू नका, ते मलाही आठवत नाही. कासाराने मला ठोकून ठोकून गोल केले आणि एका पाळकांनी विकत आणले, तेव्हापासून माझे काम एकच, बाप्तिस्म्याचे पाणी धरायचे. पाळक तीनदा ओंजळ भरून बाळाच्या डोक्यावर सोडत आणि म्हणत, "पित्याच्या, पुत्राच्या व पवित्र आत्म्याच्या नावाने." देव एकच, पण तो या तिघांत. पित्याने घडवले, पुत्राने जीव देऊन सोडवले आणि आत्मा श्वासासारखा आत राहतो, असे आमची माणसे मानतात. ही तीन नावे घेतली की लेकरू देवाच्या घरचे होते. मग माझा तोरा काय विचारता! नाताळाला चिंच लावून मला चकचकीत करत.

पुढे बरीच कुटुंबे पुण्याकडे गेली. पाळकसाहेब महिन्यातून एकदाच येऊ लागले. मी कपाटावर धूळ खात पडले. चर्चची किल्ली सुभद्राबाईंकडे असते. त्याच कधीमधी मला पदराने पुसत.

नऊ दिवसांपूर्वी, भर दुपारी, त्या धावत आल्या आणि मला घरी घेऊन गेल्या. त्यांची अकरा दिवसांची नात कावेरी निळी पडली होती. रुग्णवाहिका निघाली होती, पण अजून दूर होती. पाळकसाहेब फोनवर म्हणाले, "माझी वाट बघू नका. तुम्हीच बाप्तिस्मा द्या. पाणी घाला आणि तिन्ही नावं घ्या."

टँकर चार दिवस आला नव्हता. माठ उपडा केला तेव्हा माझ्या तळाशी जेमतेम दोन ओंजळी पाणी आले. पहिली ओंजळ पित्याच्या नावाने गेली, दुसरी पुत्राच्या. तिसरीला माझ्यात नुसता ओलावा उरला.

"पाणी आणते," म्हणत सुभद्राबाई उठल्या.

"आत्या, जाऊ नका! नुसतं नाव घ्या ना!" त्यांची सून तेजश्री ओरडली.

"पाण्याबिगर कसं व्हईल? आलेच मी!" आणि त्या शेजारी पळाल्या.

तांब्या घेऊन परतल्या, तेव्हा कावेरीचा श्वास थांबला होता.

दुसऱ्या दिवशी पाळकसाहेबांनी तिला मातीत ठेवले. सुभद्राबाईंनी त्यांचा हात धरला. "साहेब, तिसरं नाव राहिलं. श्वासाचा धनी त्योच, आन् त्यालाच मी बोलावलं न्हाई."

"मावशी, देव एकच आहे. पित्याला हाक मारली की पुत्र आणि आत्मा दाराबाहेर थांबत नाहीत."

"मग तुमी तिन्ही नावं कावून घेता?"



त्याच संध्याकाळी तेजश्री माहेरी, पाटोद्याला निघून गेली. शेवटच्या घटकेला सासूने आपल्याला एकटे टाकले, हा राग तिच्या मनातून जात नाही. ती फोन उचलत नाही. इकडे सुभद्राबाईंनी अन्न सोडले आहे. आता टँकर आला आहे. त्या रोज चर्चमध्ये येऊन मला काठोकाठ भरतात आणि रिकाम्या बाकांसमोर हात जोडतात. "पवित्र आत्म्या, लई उशीर झाला, पर घे तिला." मला हे बघवत नाही!

कारण तेजश्रीने रागात कोणालाच सांगितले नाही, ते मला ठाऊक आहे, मित्रांनो. सुभद्राबाई पाण्यासाठी पळाल्या तेव्हा कावेरी जिवंत होती. तेजश्रीने माझ्या तळाचा ओलावा अंगठ्याने टिपला, लेकीच्या कपाळाला लावला आणि म्हणाली, "आणि पवित्र आत्म्याच्या नावानं. आमेन." लेकराने एक खोल श्वास घेतला. तोच शेवटचा.

मी किती ओरडू? पितळेला कोणी ठोकल्याशिवाय आवाज नाही, आणि ठोकले तरी शब्द फुटत नाहीत. भांड्यांची काळजी घ्या, मला कोरडे ठेवू नका, असे मी एरवी म्हटले असते. आज तसले काही मागत नाही. तुम्हाला तोंड आहे. तेजश्रीला सांगा, राग राहू दे, पण सासूला एक फोन कर. नाहीतर तुम्हीच जाऊन सुभद्राबाईंना सांगा की तिन्ही नावे पुरी झाली होती. आजच सांगा. कालपासून त्या पाणीही घेत नाहीत.