इद्रीस सुताराला नावानं हाक

रबियाचे बावा, इद्रीस सुतार, सकाळच्या नमाजानंतर खाटेवर जरा टेकले आणि उठलेच नाहीत.

ऊन चढेपर्यंत अंगणातल्या मोरीत पाण्याचे हंडे भरून ठेवले होते. कापूर आला, कफन आलं. शुऐबा गावी नव्या बंदराच्या कामावर असलेला तिचा नवरा कमाल धावत घरी आला. बावांना मुलगा नव्हता, तेव्हा मय्यतीला अंघोळ घालण्याचा मान जावयाचा. कमालनं बाह्या सारल्या, तेवढ्यात दारात मबरूक उभा राहिला. म्हातारा, धुतलेला पांढरा झगा, खांद्यावर स्वतःचा पंचा.

"मालकाला मी धुणार," तो म्हणाला.

सकाळपासून रबियाच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. 'मालक' हा शब्द मात्र तिला टोचला.

मबरूक एकेकाळी मोती काढणारा गुलाम पाणबुड्या होता. धन्यानं त्याला दुसऱ्याला विकायचं ठरवलं आणि इथल्या, आखाताच्या किनाऱ्यावरच्या वखारीत कोंडलं. कोकणातल्या दाभोळहून नुकतेच आलेले बावा शेजारीच गलबत दुरुस्त करत होते. त्यांनी आधी धन्याला समजावून पाहिलं. मग कुऱ्हाड घेतली आणि वखारीचं दार फोडलं. राखणदार धावून आला तेव्हा त्यालाही त्यांनी आडवा केला. मबरूकला पुढे सुटकेचा कागद मिळाला, पण झटापटीत दुखावलेला बावांचा डावा हात त्या दिवसानंतर खांद्याच्या वर गेला नाही.

गुलामांसाठी शस्त्र उचलून फासावर गेलेल्या परदेशी माणसांबद्दल रबियानं पुस्तकांतून वाचलं होतं. एकदा तिनं बावांना विचारलं, "त्या राखणदाराचं वाईट वाटतं का हो?"

"त्याच्या घरी मासळी धाडत होतो मी, तो बरा होईस्तवर," बावा म्हणाले. "वाईट वाटतं ते दाराचं. मलबारी साग होता."

मबरूक जवळच राहिला, कोकणी शिकला, मुलाबाळांचा झाला. जेवायला आला की बावांच्या हातावर पाणी घालायला तो तांब्या उचलायचा आणि बावा तो हिसकावून घेऊन त्याच्याच हातावर पाणी घालायचे. सदऱ्यात हात अडकला तरी त्याला जवळ येऊ द्यायचे नाहीत.

"एक हात बस हाय मला. आणि मालक काय म्हणतोस रे? नाव हाय ना माझं?"

"हाय, मालक."

"अरे, दार फोडणं सोपं होतं," बावा कपाळाला हात लावायचे.

आता नको म्हणायला बावा नव्हते.

कमाल हळूच म्हणाला, "मी बाजूला होतो, रबिया. त्याचं मन राहील."

"आणि बावांचं?" ती मबरूककडे वळली. "चाचा, जन्मभर त्यांनी तुमच्याकडून तांब्याभर पाणी घेतलं नाही. आज ते बोलू शकत नाहीत म्हणून मी त्यांना चाकराच्या हाती देऊ?"

मबरूकनं खांद्यावरचा पंचा सारखा केला. "मी दुसरं काय म्हणू, पोरी? जिभेला वळण नाय."

"ते तुम्हाला ठाऊक. त्यांना नावानं हाक मारणाऱ्याचाच हात त्यांना लागेल."

बोलून झाल्यावर आपण फार कठोर झालो असं तिला वाटलं. म्हातारा परत फिरला असता तर तिनं स्वतःला कधी माफ केलं नसतं. पण बोललेलं तिनं मागे घेतलं नाही. बावांचा तांब्या घेतला, हंड्यात बुडवला आणि त्याच्यासमोर धरला. मबरूकनं हात पुढे केले. ती पाणी घालत राहिली, बावा घालायचे तसं, कोपरापर्यंत.

हात धुऊन तो आत गेला. पाठोपाठ कमाल गेला. पडदा पडला.

रबिया बाहेर भिंतीला टेकून उभी राहिली. आत पाणी पडेना. मग मबरूक खाकरला.

"इद्रीस," तो म्हणाला, आणि थांबला. "इद्रीस, डावा हात दे. हळूच घेतो. दुखायचं नाय."

आत पाण्याचा आवाज सुरू झाला. रबियानं पदर तोंडाशी धरला.