पेन दुरुस्तीला आहे

सन २०१८. आमच्या नातीचं, मनवाचं, लग्न मार्गशीर्षात ठरलं आणि त्याच सुमाराला ह्यांचं पेन बिघडलं.

ह्यांचं म्हणजे माझ्या यजमानांचं, रघुवीर यांचं. बॅलार्ड पिअरच्या एका कचेरीतून हेडक्लार्क म्हणून ते कधीच निवृत्त झाले होते. पण गिरगावातल्या आमच्या चाळीत त्यांची ओळख नोकरीवरून नव्हती, अक्षरावरून होती. कुणाच्याही घरी लग्न निघालं की पत्रिकांचा गठ्ठा आमच्याकडे यायचा. पाकिटांवर नावं घालायची ती ह्यांनी. अक्षर गोल, एका उंचीचं, शिरोरेघ पट्टी लावून मारल्यासारखी. त्यातली पहिली पत्रिका देवाची. कोपऱ्यांना हळदकुंकू लावून, पाटावर बसून हे कुलदेवतेचं नाव लिहायचे, आणि मग बाकीच्या पाकिटांना हात लावायचे.

पेन ह्यांच्या मामांचं. मामा परळच्या गिरणीत टाइमकीपर होते. काळं, जाडजूड, ड्रॉपरनं शाई भरायचं पेन. निब सोन्याची. टोपणाच्या टोकाला मामांच्या दातांच्या खुणा होत्या. हिशेब जुळेना की ते टोपण चावत असत म्हणे.

मनवा शाळेत होती तेव्हापासून म्हणायची, "आजोबा, माझ्या लग्नाची सगळी पाकिटं तुम्ही लिहायची. छापील लेबल चिकटवलेलं मला चालणार नाही." आता ती वेळ आली होती आणि हे पेन हातात घेऊन खिडकीशी उभे होते.

"अगं, शाई नीट उतरत नाहीये. पहिला शब्द बरा येतो, मग अक्षर आखडत जातं."

मी कागद पाहिला. ओळ नेहमीसारखी सुरू झाली होती आणि शेवटाकडे मुंग्यांची रांग झाली होती.

आम्ही आधी ठाकूरद्वारला गेलो. जिथे पूर्वी पेनं दुरुस्त व्हायची त्या दुकानात आता मोबाइलची कव्हरं टांगली होती. गल्ल्यावरच्या तरुणानं पेन उलटंसुलटं केलं. "काका, हे आता कोण वापरतं? मस्त अँटिक पीस आहे, शोकेसमध्ये ठेवा."

"शोकेसमध्ये तू बस," हे म्हणाले आणि त्याच्या हातातून पेन काढून घेतलं.

ह्यांना खरी भीती निबेची होती. सोनं बघितलं की माणसाची नियत फिरते, पेन ठेवून आलो तर परत येताना निब पितळेची असेल, असं ते म्हणत. म्हणून दादरला एकाकडे गेलो तेव्हा हे स्टूल ओढून त्याच्या समोरच बसले आणि त्याच्या बोटांवरची नजर हलवली नाही. त्या माणसानं पेन उघडलं, धुतलं, भिंगातून निब पाहिली, शाई भरून कागदावर लांबलचक रेघोट्या ओढल्या.

"काका, पेन ठणठणीत आहे. काही करायला नको."

"मग अक्षर का आखडतं?"

"माझ्या हातात तर नाही आखडत."

ह्यांनी निब उजेडात धरून तपासली आणि आम्ही निघालो. जिन्यात म्हणाले, "येत नसलं की असंच सांगतात."

कुणी सांगितलं म्हणून फोर्टमध्ये आणखी एकाकडे गेलो. त्यानंही तेच सांगितलं. त्यालाही ह्यांनी अडाणी ठरवलं. घरी परतल्यावर कितीतरी वेळ बूटही न काढता खुर्चीत बसून राहिले.

पत्रिका छापून आल्या. गठ्ठा टेबलावर ठेवला आणि धूळ बसू नये म्हणून मी वर टॉवेल टाकला. आमचा मुलगा सौमित्र माहीमला राहतो. त्याचा रोज फोन यायचा, "आई, बाबांनी सुरुवात केली का?" मी म्हणायची, "पेन दुरुस्त होऊ दे."

शेवटी शेजारच्या राधानं नाव सांगितलं. तिचं माहेर लालबागचं. "काकी, आमच्या तिथे रामदास म्हणून आहे. घड्याळं, लायटर, पेनं, सगळं करतो. तोंडाचा फाटका आहे, पण माणूस विश्वासू."

रामदास मसाला कुटणाऱ्या दुकानांच्या शेजारी, एका चाळीच्या जिन्याखाली बसायचा. मिरचीच्या खकाण्यानं आमच्या डोळ्यांना धार लागली.

"या साहेब. शिंक आली तर तोंड तिकडे करा. परवा एकजण शिंकला तर घड्याळाची स्प्रिंग अजून सापडत नाय."

हे हसले. त्या महिन्यात पहिल्यांदाच.

रामदासनं पेन उघडलं नाही. ह्यांच्यापुढे कागद सरकवला. "लिहा काहीतरी."

"काय लिहू?"

"वहिनींचं नाव लिहा. ते तरी चुकणार नाय."

ह्यांनी माझं नाव लिहिलं. मीनाक्षी. 'मी' चांगला टपोरा आला. 'क्षी' नुसता ठिपका. रामदास कागदाकडे बघत नव्हता, ह्यांच्या मनगटाकडे बघत होता.

"हा. दोष आहे," तो म्हणाला. "निबेच्या खाली ही जीभ असते ना, शाई आणणारी, ती झिजलीय. नवीन घासून बसवायला लागेल. ठेवून जा."

आणि हे पेन ठेवून निघाले. निबेबद्दल एक अक्षर बोलले नाहीत. रस्त्यावर येताच म्हणाले, "बघितलंस? इतके दिवस मी काय सांगत होतो? सगळ्या मुंबईत एक जाणकार भेटला." येताना चिवडा घेतला, राधाकडेही पाठवला.

पेन रामदासकडे असतानाचीच गोष्ट. आमच्या चाळीच्या प्रवेशद्वाराशी एक फळा आहे. पाणी बंद, वीज बंद, कुणी गेलं, सगळं त्यावर हेच लिहायचे. त्या सकाळी मी दूध घेऊन येत होते. फळ्यावर ताजं लिहिलं होतं, 'टाकी साफ करायची असल्यामुळे उद्या दुपारी पाणी येणार नाही.' 'टाकी' लांबून वाचता येत होतं. 'येणार नाही' वाचायला मला चष्मा पुसावा लागला.

खडूला कुठली आली जीभ?

मी पिशवी खाली ठेवली, पदरानं शेवटचे शब्द पुसले आणि खालून खडूचा तुकडा उचलून माझ्या अक्षरात ठळक लिहिले. वर वळून पाहिलं तर गॅलरीत कुणी नव्हतं. आमच्या खोलीचा पडदा तेवढा हलत होता.

पेन आणायला मी एकटी गेले. रामदासला सरळ विचारलं, "जीभ बदललीत?"

"नाय."

"मग काय केलंत?"

"धुतलं. पुसलं." तो हातातल्या घड्याळाकडे बघत राहिला. "वहिनी, पेनात काय नाय. माझ्या बापाचं असंच होतं. गिरणीत होता, पगाराच्या दिवशी सही करायचा. सही लहान लहान होत गेली. आम्ही त्याला हसायचो, शाई वाचवतो म्हणून. मग चाल लहान झाली. मग हात हलायला लागला. डॉक्टरकडे न्या साहेबांना."

"मग त्यांच्यासमोर खोटं का बोललात?"

"चेहरा बघितलात ना त्यांचा? मला नाय जमलं."

मला त्याचा राग आला. म्हणजे त्याचा नाही, पण समोर तोच होता. "लग्न होऊन जाऊ दे," मी म्हटलं. "डॉक्टरकडे मग नेईन. तोवर त्यांना यातलं काही कळता कामा नये."

"माझ्याकडून नाय कळणार." त्यानं पेन फडक्यात गुंडाळून दिलं. "त्यांना सांगा, जीभ नवीन आहे, तिला मोठं अक्षर लागतं. आखलेल्या रेघांवर, सावकाश. माझ्या बापाला रेघ दिसली की जरा बरं जमायचं."

ह्यांनी ते शिस्तीनं ऐकलं. पाट मांडला, पेन्सिलीनं रेघा आखल्या, देवाच्या पत्रिकेला हळदकुंकू लावलं. कुलदेवतेचं नाव उतरलं आणि मी जवळ जाऊन पाहिलं. जुनंच अक्षर होतं. थोडं थरथरलेलं, पण टपोरं. ह्यांनी पेन कपाळाला लावलं.

"छान केलंय रामदासनं," म्हणाले.

त्या दिवशी नातेवाइकांची काही पाकिटं झाली. दुसऱ्या दिवशी त्याहून कमी झाली. रविवारी सौमित्र आणि मनवा आली तेव्हा हे टेबलाशी होते. सौमित्रनं तयार पाकिटांतलं एक उचललं, लांब धरलं, जवळ धरलं.

"बाबा, पत्त्यात हे काय, कॉटन ग्रीन की काय आहे? पाकिटाबरोबर भिंग पण पाठवू या का?"

तो चेष्टेनंच बोलला होता. मनवानं त्याला कोपर मारलं. "पप्पा! आजोबा, मला वाचता येतंय. मस्त आहे."

ह्यांनी पाकीट त्याच्या हातातून घेतलं, बाकीच्यांवर ठेवलं आणि पेनाला टोपण लावलं. फिरवून फिरवून घट्ट लावलं.

"पुन्हा अडायला लागलंय," ते मला म्हणाले. "मंगळवारी लालबागला नेऊन दे."

सोमवारी संध्याकाळी हे भाजी आणतो म्हणून गेले आणि दिवेलागण होऊन गेल्यावर आले. पिशवीत कोथिंबिरीची एक जुडी होती. मी ती निवडायला घेतली.

मंगळवारी बसमध्ये मी सगळं मनाशी जुळवून ठेवलं. पेन पुन्हा हातात आलं तर हे पुन्हा लिहायला बसतील आणि येणारा जाणारा पाकिटं उचलून बघेल. पेनच घरात नसलं तर कुणी काही बोलणार नाही. लोक म्हणतील, अरेरे, नेमकं लग्नात बिघडलं. माणसाला कुणी काही म्हणणार नाही, पेनाला म्हणतील.

रामदासपुढे पेन ठेवलं. "हे लग्न होईपर्यंत परत देऊ नका. मी घरी सांगेन, जीभ मिळत नाहीये."

त्यानं डोळ्यावरचं भिंग काढलं. पेनाला हात लावला नाही.

"वहिनी, एक विचारू? तुम्ही दोघं घरात एकमेकांशी बोलता काय?"

"म्हणजे?"

"साहेब काल येऊन गेले. इथेच बसले होते, ह्याच स्टुलावर. म्हणाले, उद्या बायको पेन घेऊन येईल. ठेवून घे. लग्न होईपर्यंत देऊ नको. तिला सांग, जीभ मिळत नाय."

मिरच्या कुटणं चालूच होतं. माझ्या डोळ्यांतून पाणी येत होतं. तिथे ते सगळ्यांच्याच येतं.

"त्यांना माहीत आहे?"

"पहिल्यापासून. फळ्याचं पण सांगितलं त्यांनी. म्हणाले, तिनं पुसलं ते मी वरून बघितलं. मला कळलंय हे तिला कळू देऊ नको म्हणाले, लग्नाच्या घरात तिला घोर लागेल." त्यानं पेन उचलून खणात टाकलं. "तिकडून पण शपथ, इकडून पण शपथ. माझ्या तोंडाला नाय झेपत. मी बोललो, माफ करा."

घरी आले तेव्हा हे दार उघडून वाट बघत होते.

"काय म्हणाला रामदास?"

मी चपला काढायला वेळ लावला. त्यांच्याकडे पाहिलं. ते माझ्याकडे पाहत होते, आणि उजवा हात त्यांनी लेंग्याच्या खिशात घातला होता.

"जीभ मिळत नाहीये म्हणाला. लग्नापर्यंत काही होणार नाही."

ह्यांनी हळूहळू मान हलवली. "माणूस विश्वासू आहे," म्हणाले. मग आत जाऊन टेबलावरच्या पाकिटांवर टॉवेल टाकला.

उरलेल्या पाकिटांना छापील लेबलं लागली. मनवानं स्वतः चिकटवली. लग्नात ज्याला त्याला हे सांगत होते, "पेन दुरुस्तीला आहे." माझगावच्या आत्याबाई म्हणाल्या, "नेमकं आत्ताच बिघडायचं होतं का मेलं!" हेही त्यांच्याबरोबर पेनाला नावं ठेवू लागले.

लग्नानंतर डॉक्टरकडे गेलो. डॉक्टरांनी कागदावर गोल गोल काढायला सांगितलं आणि आजाराचं नाव सांगितलं. हे म्हणाले, "बरं." परतीच्या टॅक्सीतही आम्ही पेनाचा विषय काढला नाही. पुढेही कधी काढला नाही. रामदासनं मला सगळं सांगितलं होतं हे त्यांना माहीत होतं का, ते मला आजही सांगता येत नाही.

हे २०२२ च्या भाद्रपदात गेले. शेवटची दोन वर्षं जेवण मीच भरवत होते. कुणी सहीसाठी कागद पुढे केला की म्हणायचे, "पेन दुरुस्तीला आहे," आणि अंगठा पुढे करायचे.

सौमित्रला भिंगाची चेष्टा आठवत नाही. मी आठवण करून दिलेली नाही. मनवा नाशिकला असते. कुलदेवतेला पोचलेल्या त्या पत्रिकेचा फोटो तिनं फ्रेम करून लावलाय. राधाच्या घरचे बोरिवलीला गेले. चाळीतला फळा आहे, पण निरोप आता सगळ्यांच्या मोबाइलवर येतात.

हे गेल्यावर रामदासची चाळ पाडली. तो मालवणकडे गावी निघाला तेव्हा वाट वाकडी करून गिरगावात आला आणि फडक्यात गुंडाळलेलं पेन माझ्या हातात ठेवलं. "निब बघून घ्या, वहिनी," म्हणाला. मी बघितली नाही. मागच्या वर्षी तिकडेच तो गेल्याचं कळलं.

पेन माझ्याकडे आहे. मधूनमधून शाई भरून बघते. चांगलं चालतं. त्यात काही दोष नाही.