खोडलेलं माप

शाळा उघडायच्या आधीचे पंधरा दिवस मला कुणी चांगलं म्हणत नाही, आणि मीही कुणाला म्हणत नाही. दुकानात गणवेशांचा ढीग, बाकावर पोरांची रांग आणि माझ्या तोंडाचा पट्टा शिलाई मशीनच्या वरचढ. आमची पद्धत ठरलेली आहे. जाऊ टेप लावून आकडा सांगते, मी वहीत लिहिते आणि कापते. गुडघ्यांमुळे मी वाकत नाही, आणि चुकतही नाही, असा माझा समज होता.

त्या दिवशी एक बाई नऊ वर्षांच्या लेकीला घेऊन आली. मोठी गोड बाई. दरवर्षीचं गिऱ्हाईक, वर आणखी चार घरं आमच्याकडे पाठवणारी.

"बाह्या मनगटापर्यंत ठेवा," ती म्हणाली. "आणि माया सोडू नका हं. वाढतेय कुठे ती!"

माया म्हणजे शिलाईच्या आत राखलेलं जास्तीचं कापड. मूल वाढलं की उसवून वापरायचं. वीस वर्षांत एकाही आईने मला ते नको म्हटलं नव्हतं, उलट दोन इंच आणखी सोडा म्हणून भांडणाऱ्याच जास्त. मला ते खटकलं, पण मागे रांग होती. तेवढ्यात बाईचा फोन वाजला आणि ती बाहेर गेली.

"छाती तेवीस," जाऊ म्हणाली.

मागच्या वर्षीच्या पानावर पंचवीस होतं. माझ्या डोक्यात तिडीक गेली. "अगं, पोरं वर्षभरात वाढतात की आटतात? दे इकडे टेप!"

गुडघे धरत उठले. मी काही म्हणायच्या आत पोरीने दोन्ही हात वर केले आणि डोळे घट्ट मिटून घेतले. माप घेताना मुलं गुदगुल्या होतात म्हणून वळवळतात. ही श्वास रोखून उभी होती. टेपखाली फासळ्या बोटांना लागत होत्या. तेवीसच. उंची मात्र दोन इंचांनी वाढलेली.

बाहीची लांबी बघायला नमुन्याचा सदरा तिच्या अंगात चढवला. टाचणी लावताना माझा हात घसरला आणि ती दंडात चांगलीच घुसली. कापडावर रक्ताचा ठिपका आला. पोरीने हूं की चूं केलं नाही.

"सॉरी काकू," ती हळूच म्हणाली. "मी हलले."

ती हलली नव्हती.

रक्त पुसायला बाही वर सारली, तर दंडाच्या मागे, धडपडून सहसा लागत नाही अशा जागी, बोटांएवढे चार डाग. दोन काळेनिळे, दोन पिवळे पडलेले.

"हे काय गं झालं?"

तिने आधी दाराकडे पाहिलं. "पडले."

आई आत आली. ठिपका बघून हसली. "टाचणी लागली होय? धांदरटच आहे आमची." तिने खांद्यावर हात ठेवताच पोरीचा खांदा खाली गेला. आठ दिवसांनी गणवेश न्यायचं ठरवून दोघी गेल्या.

मी कापायला बसले आणि एकाच हाताच्या दोन बाह्या कापल्या. असं माझ्याकडून कधी झालं नव्हतं.

"ताई," जाऊ म्हणाली, "मागच्या वर्षीही मी साडेतेवीसच सांगितलं होतं."

"मग वहीत पंचवीस कसं?"

"त्याच्या आदल्या वर्षी चोवीस होतं. कमी कसं होईल, म्हणून तुम्ही मला बोललात आणि तुम्हीच खोडलंत."

पान उजेडात धरलं. पंचवीसच्या खाली, माझ्याच पेनाने दोनदा गिरवून खोडलेलं साडेतेवीस. एक अख्खं वर्ष! तो गणवेश त्या पोरीला ढगळ झाला असणार. आई तक्रार घेऊन आली नाही, तर मी ते माझं कौतुक समजले होते.

जीव थाऱ्यावर राहीना. पाणी प्यायले, बसले, पुन्हा उठले. लोकांच्या घरात नाक खुपसणारे आपण कोण? आणि खोटं निघालं तर? त्या बाईची अब्रू जायची.

"आणि खरं निघालं तर?" जाऊने मशीनवरून मान वर न करता विचारलं.

शाळेकडून कपड्यांच्या रंगांचा कागद येतो. त्याच्या मागे अडचणीतल्या मुलांसाठी मदतीचा नंबर छापलेला असतो. मी वर्षानुवर्षं त्यात खडू गुंडाळत आले. त्या दिवशी खडू झटकून नंबर वाचला आणि फोन लावला. माझ्याकडे पुरावा नाही, हेच मी आधी सांगितलं.

"पुरावा शोधणं आमचं काम," पलीकडची मुलगी म्हणाली. "शंका आली तेवढं पुरे. जे पाहिलंत ते पाहिलंत तसं सांगा. आणि आईला काही बोलू नका."

दुसऱ्या दिवशी दुपारी, दुकान बंद असताना, तिथल्या अधिकारी बाई आल्या. मी टाचणीचं सांगितलं, डागांचं सांगितलं, वही पुढे केली. त्यांचं बोट तीन वर्षांच्या आकड्यांवरून फिरलं.

"चोवीस, पंचवीस, तेवीस. म्हणजे मागच्या वर्षी मुलगी ठीक होती?"

जाऊ माझ्याकडे बघत राहिली. मला सांभाळून घ्यायची तिची जुनी सवय. मी नुसती मान डोलावली असती, तरी भागलं असतं.

"नाही," मी म्हणाले. "खालचं, खोडलेलं आहे ना, ते खरं."

"कुणी खोडलं?"

"मी," मी म्हणाले. "तेही लिहा."