डावा पंख

“देवजीकाका, डोळ्यांना दिसत नाय, मग इमान करता कशाला?”

चंद्रकलेने एका दमात विचारून टाकलं. प्रश्न तिचा नव्हताच. लहानी आणि सुंदरा या मैत्रिणींनी पैज लावली होती, विचारलंस तर आमच्या वाट्याची बोरं तुझी. दोघी आता बैलगाडीआड तोंडं दाबून हसत होत्या. सातवीत पहिली येणारी पोर सुताराला भिते, असं कुणी म्हणू नये म्हणून ही पडवीत घुसली होती.

देवजी रागावला नाही. मांडीवरचं लाकूड अंगठ्याने चाचपत राहिला.

“दिसतं थोडं. साऱ्याचा पडदा चढतोय बुबुळावर. पाडव्यापर्यंत निभलं तर निभलं, म्हणून तर घाई. बस गो. राघोची ना तू?”

ती बसली, आणि मग तिने नीट पाहिलं.

शिवणीच्या लाकडाचं हातभर विमान. पोटावर तापल्या सुईने डागलेले बारीक ठिपके, शेकड्यांनी. खऱ्या पत्र्यावरचे खिळेच ते. कंदिलाच्या फुटक्या काचेचा तुकडा घासून घासून त्याचं छप्पर केलेलं, त्याखाली सुपारीएवढी खुर्ची, खुर्चीपुढे बाभळीच्या काट्याचा दांडा. पंखावर कपड्याच्या निळीने रंगवलेलं वर्तुळ. सापगावातल्या निम्म्या गाड्यांची चाकं याच हातांनी ठोकलेली. चंद्रकला काचेला नाक टेकवून आत बघत राहिली.

गेल्या मार्गशीर्षात कापून झालेल्या भातखाचरात लढाईचं विमान बिघडून उतरलं, तेव्हा सगळं गाव धावलं होतं. खाली टेकू द्यायला शिपायांनी देवजीला बोलावलं. दोन दिवस तो त्या विमानाच्या पोटाखाली होता. टेकू ठोकता ठोकता त्याने सुतळ्या लावून मापं घेतली, मापागणिक एक सुतळी, टोकाला गाठ. नंतर विमानाचे पंख सोडवून शिपायांनी ते मोटारीवर घालून नेलं. देवजीकडे सुतळ्या उरल्या. खऱ्याच्या एका गजाला इथला एक तसू, म्हणजे चोविसावा हिस्सा, असं त्याने विमान घडवायला घेतलं.

“आता फकस्त हा डावा पंख ऱ्हायला,” तो म्हणाला. “तांदूळभर मोठा निघतो.”

चंद्रकलेने दोन्ही पंख जुळवून पाहिले. खरंच, एका तांदळाचा फरक.

“मग तासून टाका की.”

“असा कसा तासू? सुतळी मोठा म्हणते तर मोठाच. मी माझ्या मनातलं इमान नाय करत गो, त्या खाचरातलं करतोय.” मग आवाज खाली आला. “पण मोठाच असेल तर ते आभाळात सरळ उडालं कसं? तीन आठवडे झालं, पंख हातात घेतो नि खाली ठेवतो.”

बाहेरून सुंदराची हाक आली, “चंदे, चल ना गो, बोरं तुझीच.”

“खा तुमीच,” चंद्रकला म्हणाली आणि देवजीकडे वळली. “डावा पंख कधी मोजलात?”

“सकाळी. शिपाई चा पीत व्हते तवा.”

“आणि उजवा?”

“दुपारी, ऊन चढल्यावर.”

ती ताडकन उभी राहिली. “काका, पहाटे आमच्या गायीचं दावं दवानं आवळून बसतं. गाठ सोडता सुटत नाय. ऊन लागलं की आपसूक सैल. तुमची सुतळीपण भिजून आखडली असणार. तवा गाठ मारलीत, मग ती वाळून लांबली. पंख नाय वाढला काका, सुतळी वाढली.”

डाव्या पंखाची सुतळी देवजीने पाण्याच्या मडक्यात सोडली, चांगली भिजू दिली आणि उजव्याच्या कोरड्या सुतळीशेजारी ताणली.

“तू बघ. मला दोन्ही मिळून एकच दिसते.”

“गाठीला गाठ लागली,” चंद्रकला म्हणाली.

त्याने अंगठा फिरवून खात्री केली. “चाळीस वर्सं सुतारकी केली,” तो स्वतःशीच हसला, “आन शेवटाला गायीकडून शिकलो.”

मग पेन्सिल घेऊन त्याने पंखाच्या टोकाशी तांदूळभर आत रेघ मारायला घेतली. रेघ लाकडावरून घसरली. दुसऱ्यांदाही घसरली. तिसऱ्यांदा पेन्सिलीचं टोक त्याच्या स्वतःच्या बोटावरून फिरलं आणि त्याला ते कळलंसुद्धा नाही. बोटावरची काळी रेघ चंद्रकला बघत राहिली. देवजी थांबला. पंख त्याने फडक्यात गुंडाळला आणि जपून फळीवर ठेवला.

“ऱ्हाऊ दे. उद्या उजेड बरा असंल.”

उजेड तर पडवीभर होता.

ती घरी पोचली तेव्हा तिची आई धोंडूबाई गोठ्यात धार काढत होती आणि बाप पेंढा टाकत होता.

“कुठं उंडारत व्हतीस?” आईने मान न वळवता विचारलं.

“देवजीकाकांकडं. आये, बा, दोघं ऐका. उद्यापासून शाळा सुटली की मी त्यांच्या पडवीत जाणार. रेघ मी मारीन, रंधा ते मारतील. माझ्या वाटचं शेण-पाणी पहाटे उरकून जाईन. पण इमान पुरं होईपर्यंत मी जाणार.”