मामांचं बरं चाललंय

मामांचं दुकान पुन्हा सुरू झालं. हे वाक्य तुम्ही वाचलं नाही आणि मीही लिहिलं नाही, असं धरून चालू.

उड्डाणपूल होऊन दहा वर्षं झाली. एवढ्या काळात त्याने भागाचं नेमकं काय भलं केलं हे मोजायला एक पथक नेमलं, त्यात सगळ्यात डगमगती खुर्ची माझी. पुलाखालच्या रस्त्यावरच्या धंद्यांचं नुकसान सिद्ध झालं तर तिथे रॅम्प होणार होता, म्हणजे बस पुन्हा खाली उतरणार होती. पूर्वी बसची वाट बघणारी माणसं तिथल्याच दुकानात मामांकडून बॅगेची चेन, हँडल, चाक दुरुस्त करून घ्यायची. आता ती मामांच्या डोक्यावरून जातात. शेवटी मामांनी शटर ओढलं आणि घरी बसले. मामी म्हणते, बसले नाहीत, साठले.

अडचण एवढीच की पाहणी फक्त चालू दुकानांची. शटरला प्रश्न विचारता येत नाही. म्हणजे बुडाले ते मोजणीत नाहीत आणि तरले ते सांगणार, पाणी छान आहे. मी हे पथकप्रमुख मॅडमना बोलून दाखवलं. त्या म्हणाल्या, मुद्दा चांगलाय, पुढच्या पाहणीत बघू. पुढची पाहणी आणखी दहा वर्षांनी.

मग मी मामांना म्हटलं, एक दिवस दुकान उघडा, मॅडम विचारतील, खरं ते सांगा. मामांनी आठवडाभर तालीम केली. आरशासमोर उभं राहून म्हणायचे, धंदा मेला. मामी आतून म्हणायची, जरा मोठ्यानं, मागच्यांना ऐकू येत नाही.

त्या दिवशी शटर गंजून निम्म्यावरच अडकलं. मामा इस्त्रीचा शर्ट घालून वाकून आत गेले. मेणाचा दोरा, सुया, चेनचे रनर, सगळं ओळीत मांडलं. दुकान उघडलं म्हणून शेजारचा सलूनवाला कौतुकाने बघायला आला, समोरच्या टेलरताई आल्या. मॅडम वाकून आत शिरल्या.

"काका, धंदा कसा चाललाय?"

मामा गप्प. सलूनवाल्याकडे बघितलं, टेलरताईंकडे बघितलं, कॉलर सारखी केली. उभी हयात गल्ल्यावर काढलेला माणूस परक्यासमोर धंदा बुडाला म्हणत नाही. त्याची जीभच वळत नाही.

"बरं चाललंय," मामा म्हणाले. "मजेत."

मी मागून खुणा करत होतो. मॅडमना वाटलं डास आहेत.

"आणि पुलामुळे काय फरक पडला?"

"सावली झाली."

अहवालात मामा फोटोसकट आहेत, 'पुलानंतरही टिकलेले व्यवसाय' या रकान्यात. सावलीचा लाभ वेगळा धरलाय. रॅम्प अनावश्यक ठरला. मामी म्हणाली, चला, कागदावर तरी कमावते झालात. एरवी मामांनी उलट टोला दिला असता. त्यांनी दोऱ्याचं रीळ माझ्या हातात ठेवलं आणि आत जाऊन भिंतीकडे तोंड करून पडले.

मी वर अर्ज केलाय: सदर दुकानदार उत्तर देण्यापूर्वी जितका वेळ गप्प होता, निदान तितक्या वेळापुरता तरी रॅम्प मंजूर करण्यात यावा, ही नम्र विनंती.