बॉनेटखालचा देव

माझ्या गाडीचे दिवे फडफडायला लागले आणि आमच्या घरात जो तो डॉक्टर झाला.

गाडी जुनी आहे, पण माझी आहे. हर्सूलहून पाचोडच्या शाळेत मी तिनेच जाते-येते आणि तिथल्या पोरांना विज्ञान शिकवते. थंडीत परतताना आडूळ सोडलं की अंधार पडतो आणि नेमके तिथंच हेडलाइट फडफडायचे. समोरच्या ट्रकवाल्याला वाटायचं, बाई काहीतरी खाणाखुणा करतेय.

आमचे यजमान सोमनाथ मोबाइलवर व्हिडिओ बघून मेकॅनिक झालेले. त्यांनी बल्ब बदलले, फ्यूज बदलला, स्विचसुद्धा बदलला. दिव्यांना त्याचं काही सोयरसुतक नव्हतं. शेवटी त्यांनी हात टेकले आणि वर मलाच ऐकवलं, "रविवारी संध्याकाळी जुन्या गाड्या घेणारे काकासाहेब गाडी बघायला येणारेत. तोवर दिवे नीट झाले तर ठीक, नाहीतर देऊन टाकू. तू जीपनं जात जा."

जीपनं! मांडीवर कुणाची तरी पिशवी, खांद्यावर कुणाचं तरी घोरणारं डोकं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

सासूबाईंचं, म्हणजे मनकर्णाबाईंचं निदान वेगळंच. "गाडीला दृष्ट लागलीय." गाडी घरात आल्यापासून त्या दर अवसेला तिची पूजा करतात. चाकाखाली लिंबू ठेवणं त्यांना वरवरचं वाटतं. "देव भायेर नसतो, आत असतो," असं म्हणून त्या बॉनेट उघडून घेतात, आत हळदकुंकू वाहतात, नारळ फोडून पाणी आतच सोडतात. हळदकुंकूही साधं चालत नाही, गुलमंडीच्या बाजारातलंच लागतं. दिवे फडफडायला लागल्यापासून तर त्यांनी अवसेची वाट बघणंही सोडलं. मंगळवार आला की नारळ, शनिवार आला की नारळ.

रविवारी दुपारी सोमनाथ जेवून आडवे झाले. मी ओढणी खोचली आणि बॉनेट उघडलं. दिवे लावून बाजूच्या पत्र्यावर एक थाप मारली. फडफड झाली, पण दोन्ही दिव्यांची एकदमच. बल्ब नवे, फ्यूज नवा, मग दोघांचं सामाईक राहिलं तरी काय? सातवीच्या वर्गात मी घसा फोडून सांगते, वीज नुसती जाऊन भागत नाही, तिला परत यायलाही वाट लागते. इथं सगळ्यांनी जायची वाट तपासली होती. परतीची कुणीच नाही, विज्ञानाच्या बाईंनीसुद्धा नाही.

तारेचा एक तुकडा घेतला. त्याचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला लावलं, दुसरं हेडलाइटच्या काळ्या तारेला. फडफड गपगार झाली आणि भिंतीवर लख्ख उजेड पडला. तुकडा काढला की पुन्हा फडफड. चोर सापडला होता. ती काळी तार गाडीच्या पत्र्याला जिथं बोल्टनं आवळलेली असते, तो सांधा.

तारेचा माग काढत बॅटरीशेजारच्या पत्र्याच्या ओट्यापर्यंत पोचले. तिथं बोल्ट दिसेना. दिसला तो देव. हळदकुंकवाचं जाड लिंपण, वाळकं फूल, नारळाच्या शेंड्या आणि खाली गंजाचा लाल चिखल.

"आई!" मी अशी ओरडले की सासूबाई निवडायची मेथी तशीच टाकून आल्या. "नारळाचं पाणी नेमकं कुठं ओतता तुम्ही?"

"तिथंच की. त्यो वट्यावरला गोल देव. बाकी समदं काळं प्लास्टिक, त्यो एकटाच कसा नीट बसलेला हाय."

"आई, तो देव नाही, बोल्ट आहे! तुमच्या पाण्यानं गंजलाय. दिवे फडफडले की तुम्ही नारळ फोडायच्या, आणि नारळ फोडला की दिवे आणखी फडफडायचे!"

त्यांचा चेहरा खर्रकन उतरला. "तू नीट घरी यावी म्हणून करत व्हते गं," त्या म्हणाल्या. "अंधार पडला की माझा जीव थाऱ्यावर नसतो. लई भ्या वाटतं."

मला भरून आलं. पण इतकं चिडल्यावर लगेच विरघळणं बरं दिसत नाही, म्हणून मी म्हटलं, "तो पाना द्या इकडं."

आधी बॅटरीची तार सोडवली, मग बोल्ट काढला. सासूबाईंनी जुन्या टूथब्रशनं स्वतःच्या देवाला घासून काढलं, पुटपुटत त्याची माफीही मागितली. पॉलिश पेपरनं पत्रा चकचकीत होईतो मी घासला, बोल्ट घट्ट आवळला, वरून पेट्रोलियम जेली फासली. बॅटरीची तार जोडली, दिवे लावले, थापा मारल्या. दिवे हललेसुद्धा नाहीत.

दिवेलागणीला काकासाहेब आले, तसे मी गाडीचे दिवे लावले. सोमनाथ डोळे चोळत बाहेर आले आणि भिंतीवरचा उजेड बघून जागच्या जागी थांबले. "काय बिघडलं होतं?"

मी सासूबाईंकडं पाहिलं. "काही नाही, पावसाचं पाणी शिरलं होतं."

"पावसाचं कशाला? नारळाचं," सासूबाई म्हणाल्या. "म्याच वतलं व्हतं."

त्या तरातरा आत गेल्या, मंगळवारसाठी आणलेला नारळ घेऊन आल्या आणि काकासाहेबांच्या हातात ठेवला. "घ्या, आता गाडीला लागत नाय. अन् गाडी बी द्यायची नाय. आमची तनुजा त्याच गाडीनं घरी येती."

सोमनाथनी काहीतरी बोलायला तोंड उघडलं.

"तुला कुठं जायचं असंल," सासूबाई म्हणाल्या, "तर तू जीपनं जा."