काळ्या पट्टीचा माणूस

साहेबांनी भोजराजच्या गळ्यात काळी पट्टी अडकवली आणि हिंदीतून समजावलं, "बाबाजी, आप मर चुके हैं. हिलना मत." त्याची लेक मंजू हिला तिथेच चीड आली. जित्या बापाच्या गळ्यात असलं काही घालतात का? पण गरज तिची होती.

शत्रूने मध्य प्रदेशातल्या या बालाघाट शहरावर विषारी वायूचा बॉम्ब टाकलाच, तर सरकार जनतेला कसं वाचवेल, याचा सराव शाळेच्या मैदानावर चालला होता. लाल पट्टी म्हणजे गंभीर, त्याला आधी उचलायचं. पिवळ्याने थोडी कळ काढायची. काळी म्हणजे मेलेला, त्याच्याकडे सगळ्यात शेवटी वळायचं. कोण कोण मरणार हे आदल्या दिवशीच ठरलेलं होतं. भोजराज म्हातारा, म्हणून तो मेलेल्यांत.

आणि हा म्हातारा तिथे आला कशाला? उभा जन्म ठेकेदाराच्या हाताखाली मँगनीजच्या खाणीत दगड फोडले, छातीत धूळ भरून घेतली. आता अंगणातून घरात आला तरी धाप लागायची. शेजारचा दुलीचंद होमगार्डमध्ये. तो म्हणाला होता, "मंजूबाई, काकाचं नाव सरावात देतो, त्याईले घेऊन ये. नागपूरचे छातीचे मोठे डॉक्टर येऊन राह्यले. सराव झाला का दाखवून देतो." एवढ्या आशेवर मंजूने बापाला आणलं होतं. मंडपात पांढरा कोट घालून, गळ्यात स्टेथोस्कोप लटकवून बसलेला माणूस तिने आल्याआल्याच हेरून ठेवला होता.

सायरन वाजला. वायू दिसला तर पाहिजे, म्हणून पिवळ्या धुराच्या नळकांड्या फोडल्या. साहेब लोकांनी आणि फोटोवाल्यांनी तोंडाला मास्क चढवले होते. मेलेल्याला मास्क कशाला? वारा फिरला आणि सगळा लोट भोजराजच्या अंगावर आला.

आधी तो खोकला. मग खोकलाही थांबला, नुसती छाती भात्यासारखी वरखाली होऊ लागली. ओठ निळे पडले. मंजू दोरीपलीकडून ओरडली, "थांबवा! माझ्या बाबाले खरंच श्वास नाही येऊन राह्यला!"

लोक खूश. कुणीतरी म्हणालं, "क्या एक्टिंग है बुढ़ऊ की!" आणि टाळ्या पडल्या. टाळ्या! स्ट्रेचरवाले दोघे त्याला ओलांडून पुढे गेले. त्यातला एक जाताजाता दटावून गेला, "चाचा, आप मर गए हो ना? चुपचाप लेटो."

मंजूच्या तळपायाची आग मस्तकात गेली. दोरीखालून घुसून तिने मंडप गाठला आणि पांढऱ्या कोटवाल्याचं मनगट धरून त्याला ओढलं. "डॉक्टरसाहेब, चाला, माझा बाप मरून राह्यला!"

तो गडबडला. "बहनजी, मैं डॉक्टर नहीं हूँ. दफ्तर में बाबू हूँ. मुझे तो सिर्फ कोट पहनाया है."

तिने मंडपाच्या दाराशी पहाऱ्यावर असलेल्या दुलीचंदकडे पाहिलं. त्याने मान खाली घातली. "मले बी डॉक्टरच म्हणून सांगतलं होतं, बाई."

डॉक्टरसुद्धा सोंगाचा! मंजू धावत बापाकडे गेली आणि त्याच्या गळ्यातली काळी पट्टी तिने हिसकून फेकली. शेजारच्या स्ट्रेचरवर श्रुतिका नावाची कॉलेजातली धडधाकट पोरगी तोंडाला लाल रंग फासून पडली होती. भोजराजचा चेहरा पाहून ती ताडकन उठली आणि गळ्यातली लाल पट्टी काढून तिने मंजूच्या हातात दिली. "ताई, ही घाला त्याईले. नाही त कोणी हात नाही लावणार."

मंजूने पट्टी घातली, आणि काय चमत्कार! तेच स्ट्रेचरवाले धावत आले. गाडी भोंगा वाजवत निघाली. माणूस तोच, ओठ तसेच निळे, बदलली ती फक्त पट्टी.

दवाखान्यात खऱ्या नर्सने खरा ऑक्सिजन लावला. बऱ्याच वेळाने भोजराजच्या ओठांवर रंग परतला, तेव्हा कुठे मंजूला रडू फुटलं. रागाचंच रडू होतं ते.

तेवढ्यात साहेब आले. तिला वाटलं, तब्येत विचारायला आले असतील. साहेबांनी खाटेकडे पाहिलंसुद्धा नाही. "वो लाल पट्टी वापस चाहिए. और देखिए, रिपोर्ट में चार मृत दिखाने हैं. आपकी वजह से तीन रह गए. इनका नाम मैं मृतकों में ही रख रहा हूँ. सिर्फ कागज़ पर. ठीक है?"

भोजराजने मास्कच्या आतून लेकीकडे पाहिलं. मंजूने पदराने डोळे पुसले आणि ती उठून साहेबांसमोर उभी राहिली.

"हौ साहेब, चार पाह्यजेत त चार दाखवा," ती म्हणाली. "पण चौथं नाव तुमचं लिवा. माझा बाप जिता हाये."